हीटिंगच्या जाळीतला आवाज

सुनेत्राने मुंबईत बरीच वर्षं मराठी मालिकांचे संवाद लिहिले होते. सुनेच्या हातातलं ताट खाली पडतं, बाहेर वीज कडाडते, कॅमेरा प्रत्येकाच्या चेहऱ्यावर गर्रकन जाऊन आदळतो आणि भाग संपतो. अशा जागा शोधण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. माणसाला घाबरवायचं कसं आणि उद्या पुन्हा टीव्हीसमोर आणून बसवायचं कसं, हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे, अशी तिची समजूत होती.

मग लग्न झालं आणि ती शंतनूबरोबर मेलबर्नला आली. शंतनू डँडेनॉन्गजवळच्या एका पॅकेजिंगच्या कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर होता. तो सकाळी अंधारात निघायचा, संध्याकाळी थकून यायचा. सुनेत्राला अजून नोकरी नव्हती. ती दिवसभर घरात या खोलीतून त्या खोलीत फिरायची. फ्रिज उघडायची, बंद करायची. लॅपटॉप उघडून बसायची, उठायची, खिडकीशी जायची. रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. डोंबिवलीत वाढलेल्या बाईला ही शांतता अंगावर यायची.

घर विटांचं, बैठं, जुनं. मालक मिस्टर बाबिच हा क्रोएशियाहून तरुणपणी इथे आलेला सत्तरीतला उंच म्हातारा. घर दाखवताना तो भराभर चालत होता, जणू त्यालाच तिथे थांबायचं नव्हतं. मागच्या खोलीच्या दाराला कुलूप होतं. "ही खोली भाड्यात नाही. माझं सामान आहे. तिला बाहेरून वेगळं दार आहे, तुम्हाला त्रास नाही," असं इंग्रजीत म्हणून तो पुढे गेला. भाडं परवडणारं होतं. शंतनूने लगेच हो म्हटलं.

घरात बसून वेड लागायची पाळी आली तेव्हा सुनेत्रा लायब्ररीत दर बुधवारी भरणाऱ्या लेखकांच्या गटात जायला लागली. गट मॉरीन नावाच्या निवृत्त शिक्षिका चालवायच्या. त्या हिवाळ्यात त्यांनी विषय दिला होता गॉथिक कथेचा. जुनं घर, बंद दार, घरातच दडून बसलेलं काहीतरी, अशी ती भयकथा. सुनेत्रा मनात म्हणाली, हा तर आपला डाव्या हातचा मळ. दोन दिवसांत तिने कथा लिहून काढली. तीत वादळ होतं, घुबड होतं, पांढऱ्या साडीतली बाई होती, जिन्यावर रक्त होतं. ती मराठीत लिहायची आणि गटात इंग्रजी करून वाचायची.

वाचून झालं. एका आजोबांनी हळूच जांभई दाबली.

"बापरे, केवढं काय काय आहे यात," मॉरीन म्हणाल्या. "पण मला भीती नाही वाटली गं. तू सगळं मला दाखवून टाकलंस. भूत दिसलं की निम्मी भीती संपते. सगळं नीटनेटकं असलेलं एक घर घे. त्यात एकच गोष्ट किंचित चुकलेली ठेव. आणि मला वाट बघायला लाव."

सुनेत्राचा चेहरा उतरला. घरी येताना बसमध्ये ती धुमसत होती. टीआरपी काय असतो ते या बाईला काय माहीत! पण घरी आल्यावर तिने ती कथा पुन्हा उघडली आणि तिला स्वतःलाच हसू आलं. त्या घुबडाला तिथे काही कामच नव्हतं.

दुपारी कडाक्याचा वारा सुटला होता. हीटिंग लावून ती टेबलाशी बसली. या घरांमध्ये गरम हवा जमिनीतल्या नळ्यांमधून येते आणि खोल्याखोल्यांतल्या जाळ्यांतून वर निघते. घर पुरेसं तापलं की पंखा आपोआप बंद पडतो. तसा तो पडला आणि पायापाशीच्या जाळीतून तिला एक आवाज आला.

घर्रर्र. मग थांबला. पुन्हा घर्रर्र.

ती उठून जाळीशी वाकली. काहीच नाही. दोन पावलं मागे सरकली, तर पुन्हा घर्रर्र, आणि त्याच्या मागून कुणीतरी दबक्या आवाजात बोलल्यासारखं. तेवढ्यात हीटिंग चालू झालं आणि त्या हवेच्या घोंगावण्यात सगळं बुडून गेलं.

संध्याकाळी तिने शंतनूला सांगितलं. तो जेवता जेवता म्हणाला, "पॉसम असेल, मांजराएवढं जनावर. छपरात घुसतात ते. नाहीतर हवेचा डक्ट सैल झालाय. वीकेंडला बघतो."

"पॉसम बोलतो का रे?"

"तू दिवसभर भुताच्या गोष्टी लिहितेस, सुनू. मग जाळीच काय, टोस्टरसुद्धा बोलेल."

वीकेंडला तो जमिनीवर पालथा पडून टॉर्चने जाळीत बघत राहिला. आवाज आला नाही. शनिवार-रविवारी तो कधीच यायचा नाही. सोमवारी दुपारी पुन्हा आला.

तिने ते लिहायला घेतलं. नवं, स्वच्छ घर, कामावर गेलेला नवरा, कुलूपबंद खोली आणि हीटिंग थांबलं की ऐकू येणारं घर्रर्र. वीज नाही, वारासुद्धा नाही. नायिका चालायची थांबली की आवाज थांबतो, एवढंच. बुधवारी तिने पहिली पानं वाचली तेव्हा खोलीतल्या खुर्च्या हलायच्या बंद झाल्या. जांभईवाले आजोबा पुढे सरकून बसले. "पुढे काय?" त्यांनी विचारलं. "दार उघडायची घाई करू नकोस," मॉरीन म्हणाल्या. "जितकं लांबवशील तितकं ते जड होत जाईल."

कथेत दार लांबवणं ठीक होतं. पण सुनेत्रा ते खऱ्या घरातही लांबवायला लागली. बाबिचला फोन करून विचारणं काही अवघड नव्हतं. तिने तो केला नाही. विचारलं आणि साधंसं उत्तर मिळालं तर? एकीकडे तिला घरात बसवत नव्हतं. अंघोळीला गेली तरी ती नळ बंद करून कानोसा घ्यायची. कपडे वाळत घालायला मागे जायचं तर धावत जायची, धावत यायची. आणि दुसरीकडे दुपार झाली की लॅपटॉप घेऊन त्याच जाळीजवळ येऊन बसायची. लिहिलेलं मोठ्याने वाचायची तिची जुनी सवय होती. एकच वाक्य ती निरनिराळ्या तऱ्हेने म्हणून बघायची, कधी कुजबुजत, कधी ओरडून. कथेतल्या खोलीत तिने एका माणसाला बसवलं होतं. तो भिंतीला कान लावून असतो आणि शेवटी सुरी घेऊन बाहेर येतो.

एका दुपारी वाऱ्याने कुठेतरी झाड पडलं असावं. घरातली वीज गेली. हीटिंग थांबलं, फ्रिजची गुणगुण थांबली. सुनेत्रा त्या वेळी कथेतल्या बाईचं वाक्य मोठ्याने म्हणत होती, "कोण आहे तिथे? बोला ना!" ते शब्द रिकाम्या घरात जरा जास्तच मोठे वाटले.

आणि जाळीतून कुणीतरी खोल श्वास घेतला.

मग मागच्या खोलीच्या बंद दारावर, पलीकडून, टकटक झाली. हलकी, जपून केलेली.

मालिकेत तिने इथे भाग संपवला असता. इथे तिला पुढचं सगळं स्वतःच्या पायांनी चालावं लागलं. दोन क्षण तिला पुढच्या दाराने रस्त्यावर पळावंसं वाटलं. पण एवढे दिवस साचलेली बेचैनी आता रागाने उसळली. तिने पायात मिळतील त्या चपला सरकवल्या आणि घराला वळसा घालून मागे गेली. कचऱ्याचा डबा आडवा पडला होता, वाऱ्याने डोळ्यांत धूळ जात होती. मागच्या खोलीचं बाहेरचं दार उघडं होतं आणि चौकटीला धरून मिस्टर बाबिच उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तू ठीक आहेस ना?" त्याने विचारलं. "तो तुला मारतो का?"

"कोण?"

"रोज दुपारी कुणाशी तरी भांडतेस. रडतेस. तेच तेच पुन्हा म्हणतेस. मला भाषा कळत नाही. आज वाटलं, आता पोलिसांना बोलवायलाच हवं."

ती तिथल्याच पायरीवर बसली आणि आधी हसायला, मग रडायला लागली. म्हातारा आणखीच घाबरला.

आत खिडकीशी एक शिलाईमशीन होतं, भिंतीला कापडाचे तागे आणि टाचण्यांची उशी. वीज आल्यावर सुनेत्राने केलेला चहा घेत त्याने सांगितलं, त्याची बायको व्हेस्ना सगळ्या गल्लीचे कपडे शिवायची. ती गेल्यावर त्याला या घरात राहवेना, म्हणून तो मुलीकडे राहायला गेला आणि घर भाड्याने दिलं. पण तिथेही त्याला चैन पडेना. मुलगी कामावर गेली की तो बसने इथे यायचा. मशीनला तेल द्यायचा, थोडं चालवून बघायचा, कारण बंद राहिलं तर ते अडकतं असं व्हेस्ना म्हणायची. तिच्याशी चार शब्द बोलायचा. भाडेकरणीला कळू नये म्हणून तिची पावलं जवळ येऊन थांबली की तोही थांबायचा, श्वास रोखून.

हे ऐकून शंतनू मात्र भडकला. "एक माणूस रोज भिंतीपलीकडे बसून तुला ऐकतो आणि तू त्याला चहा करून देतेस? मी घराच्या एजंटकडे जातो, नाहीतर आपण घर सोडू."

"त्याची खोली आहे ती. आणि ऐकत मीही होते की."

"तू घाबरून अर्धी झाली होतीस!"

"हो. आणि तोही."

शंतनूचं चुकलं असंही तिला म्हणता येईना. शेवटी ठरलं ते असं, की बाबिचने यायच्या आधी पुढच्या दाराची बेल वाजवायची. पहिल्या दिवशी बेल वाजली तेव्हा तो टोपी हातात घेऊन शाळेतल्या पोरासारखा उभा होता.

बुधवारी तिने गटात कथा टकटकीपर्यंत वाचली. सगळ्यांनी श्वास रोखले होते. मग तिने सुरीवाल्या माणसाच्या जागी लिहिलेला शिलाईमशीनचा नवा शेवट वाचला. मॉरीननी नकारार्थी मान हलवली. "टकटकीवरच थांब. पुढे तू आमची भीती काढून घेतेस."

"काढूनच घ्यायचीय मला," सुनेत्रा म्हणाली. "तो माणूस मला चहा पिताना दिसतो, मॉरीन. त्याच्या हातात मी सुरी कशी देऊ?"

"मग ती गॉथिक राहणार नाही."

"नाही तर नाही."

त्यांचं एकमत झालंच नाही.

बाबिचला कथेबद्दल कळलं तेव्हा त्याने ती वाचून दाखवायला सांगितलं, मराठीतच. मशीनसमोरच्या स्टुलावर तो डोळे मिटून बसला. त्याला एक शब्द कळत नव्हता. पण मधेच त्याने हात वर केला. "इथे," तो म्हणाला. "इथे भीती आहे. तू हळू झालीस."

ती वीज जाण्याचीच जागा होती. सुनेत्राने घरात येऊन तिथलं वाक्य आणखी लांबवलं.

वसंतात बाबिचच्या मुलीने घर विकायला काढलं. सुनेत्रा आणि शंतनू क्रॅनबर्नच्या बाजूला, एका नव्या वस्तीत राहायला गेले. मशीन मुलीच्या गॅरेजमध्ये गेलं आणि बाबिचची दुपारची बस थांबली. कथा मेलबर्नच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात छापून आली. काहींनी कळवलं, सुरुवात भारी, शेवटी हवा गेली. कथेतल्या म्हाताऱ्याला सुनेत्राने बाबिचचंच नाव ठेवलं होतं; अंकाची एक प्रत तिने त्याला पोस्टाने पाठवली. त्याने फोन करून विचारलं, आपलं नाव नेमकं कुठे आहे. तिने पान, ओळ आणि ओळीतला कितवा शब्द ते सांगितलं. पलीकडून बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज येत राहिला, मग तो म्हणाला, "सापडलं."