दिलेली बाजू

कामा नदीवर येफिम लुकिचला ओळखत नाही असा एकही धक्का नव्हता. पेर्म ते सारापूल प्रवासी आगबोट हाकण्यात त्याची उमर गेली. वाळूचा दांडा कुठे सरकलाय हे त्याला बोटीच्या थरथरीवरून कळे, आणि कुठल्या धक्क्यावरची बाई खारवलेले मासे शिळे देते हेही त्याला पाठ होतं. देशात आपसातली लढाई पेटली तेव्हा वरच्या अंगाला क्रांतीविरुद्ध लढणाऱ्या पांढऱ्यांचा अंमल होता. त्यांनी त्याच्या बोटीवर दोन तोफा बसवल्या, बाजूंना लोखंडी पत्रे ठोकले, त्याच्या खांद्यांवर हुद्द्याच्या पट्ट्या लावल्या आणि त्याला कमांडर केलं. त्याला कुणी विचारलं नाही.

"कमांडर म्हणे!" त्याची बायको आग्राफेना म्हणाली. "घरातलं मांजर तरी ऐकतं का तुमचं?"

"त्याला अजून पट्ट्या दाखवल्या नाहीत," तो म्हणाला.

त्याच्या हाताखाली बोट हाकायला शिकलेला नाझार खालच्या अंगाला राहायचा. तिथे क्रांतिवाल्या लालांचा अंमल, म्हणून तो लालांच्या, तोफा चढवलेल्या टगबोटीचा कप्तान झाला. त्यालाही कुणी विचारलं नसावं.

कामावर एक रिवाज होता. दोन बोटी समोरासमोर आल्या की प्रवाहाबरोबर उतरणाऱ्याने झेंडी हलवून आपली बाजू दाखवायची, चढणाऱ्याने त्याच बाजूने झेंडी हलवून ती कबूल करायची. मग काही झालं तरी ती बाजू मोडायची नाही. दारू पिऊन बायकोला मारणारे कप्तान नदीवर होते. दिलेली बाजू मोडणारा एकही नव्हता.

त्या सकाळी धुकं होतं. एका अरुंद वळणावर समोरून अचानक टगबोट निघाली. येफिम लुकिचने विचार केलाच नाही. हात आपसूक झेंडीकडे गेला, त्याने उजवी बाजू दाखवली. पलीकडून लगेच झेंडी हलली. तो नाझार होता. दोन्ही बोटी काठी पोचेल इतक्या जवळून गेल्या. नाझारने टोपी किंचित उचलली, येफिम लुकिचनेही. पलीकडचे तोफवाले नुसते बघत राहिले.

मागच्या तोफेवर बाल्टिक समुद्रावरून आलेला, नदीला नवा असा एक तरणा लेफ्टनंट होता. त्याने तोफ वळवली.

"अहो, थांबा!" येफिम लुकिच धावत गेला. "बाजू दिलीय त्यांना!"

"लाल आहेत ते!"

"बाजू दिलीय म्हणतो ना मी!"

गोळा टगबोटीच्या पाठीत बसला आणि बॉयलर फुटला. धुकं विरळ झालं तेव्हा पाण्यावर फक्त फळ्या होत्या.

मुख्यालयात आरमाराच्या प्रमुखाने येफिम लुकिचला मिठीच मारली. "झेंडी दाखवून गाफील पकडलंत! मानलं, म्हाताऱ्या कोल्ह्या!"

लेफ्टनंट येफिम लुकिचच्या कानाशी कुजबुजला, "हो म्हणा. नाही म्हणालात तर शत्रूला वाट दिली म्हणून तुम्हाला भिंतीशी उभं करून गोळ्या घालतील, आणि तुमच्या सुकाणूवाल्यालाही."

येफिम लुकिचने सलाम ठोकला. त्याच्या छातीवर शौर्याचा क्रूस लागला.

उन्हाळा सरायच्या आत पांढरे पळाले. जाताना त्यांनी आपल्याच बोटी जाळल्या. येफिम लुकिचची त्यालाच पेटवायला लावली. पुढे लालांनी त्याला पकडलं, काही वर्षं जंगलात लाकूड तोडायला लावलं, आणि नदी ओळखणारी माणसं उरली नाहीत म्हणून सोडलं. नदीतल्या खुणांचे दिवे लावायचं काम त्याला मिळालं. बोटी जात-येत, पण झेंडी दाखवून फसवणारा म्हणून एकही कप्तान त्याला हात करत नसे. गावच्या सार्वजनिक न्हाणीघरात बोटीवरचा एक जुना भट्टीवाला बाक सोडून उठला. "तुमच्याकडे पाठ नाही करायची, बुवा," तो म्हणाला, आणि सगळे हसले.

"खरं सांगून टाका ना एकदा," आग्राफेना म्हणायची. "निदान नाझारच्या बायकोला तरी."

शेवटी तो नाझारच्या बायकोकडे, मार्फाकडे गेला. उभ्यानेच सगळं सांगितलं. फसवलं नव्हतं, सवयीने हात गेला. नाझारचाही तसाच गेला. त्याने टोपी उचलली.

मार्फाने चहाचं पाणी तापवणाऱ्या सामोवारातले निखारे सारखे केले.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "तुमची बोट तो नुसत्या भोंग्यावरून ओळखायचा. त्याला कोण फसवणार?"

"मग लोकांना सांगूया. दोघं मिळून."

"येडे आहात का, येफिम लुकिच? कपटाने मारलेला म्हणून त्याचा फोटो शाळेत लागलाय. त्याच्या नावावर पोराला नौकाशाळेत घेतलंय. उद्या विचारतील, शत्रू समोर होता, तोफ भरलेली होती, मग याने डागली का नाही? टोपी का उचलली?" तिने कप पुढे सरकवला. "फोटो उतरवतील. पोराला हाकलतील. पोराच्या बापावर काय शिक्का बसेल ते तुम्हाला मी सांगायला नको."

"मग मी काय करू?"

"जे म्हणतात तेच राहा. चहा घ्या, आणि मागच्या दाराने जा. शेजारीण बघते."

तो काकड्यांच्या वाफ्यांतून मागच्या मागे निघून गेला.

आग्राफेनाने पुन्हा तो विषय काढला नाही. त्यानंतर धक्क्यावर कुणी तोंडावर कपटी म्हटलं, तर येफिम लुकिच मान डोलवायचा. पुढे पुढे तो स्वतःच सांगू लागला, नाझारला आपण कसं गाफील पकडलं ते. दर वेळी आधीपेक्षा जास्त पटेल असं सांगायचा.