समास सोडून बसवलेले सिंक

माझे शिक्षण नववीपर्यंतच झाले असले, तरी गेली सव्वीस वर्षे कचेरीबाहेर बसून मी जे अर्ज लिहीत आलो आहे, ते वाचून भल्याभल्या पदवीधरांनी "हे कोणी लिहिले?" अशी पृच्छा केलेली आहे. त्यामुळे स्वयंपाकघरातील सिंक स्वतः बदलण्याचा निर्णय मी अविचाराने घेतला, असे कोणीही समजू नये. साकेत नगरातील आमच्या घराची डागडुजी मी त्या हिवाळ्यात स्वहस्तेच चालवली होती. दोन दारे रंगवून झाली होती, आणि त्यांपैकी एक तर उघडतही होते.

सिंकचे मूळ कारण पत्नीची कंबर. जुने सिंक इतके उथळ होते की मोठे पातेले त्यात मावत नसे. एकोणीस वर्षे ती ते न्हाणीघरात नेऊन, ओणवी होऊन घासत असे आणि भिंतीला धरून उठत असे. सबब, नवे सिंक घेताना मी सदरहू पातेले बरोबर घेऊन बिट्टन मार्केट गाठले. त्या दिवशी भाजीचा हाट होता. पातेले डोक्यावर धरून मी गर्दीतून चाललो असता एका बाईने विचारले, "भैया, इसमें क्या बेच रहे हो?" मी उत्तर देणे उचित समजले नाही. दुकानात मात्र तीन सिंकांत पातेले बसवून पाहिले आणि ज्यात ते मांडी घालून बसल्यासारखे बसले, तेच उचलले.

घरी आल्यावर मेव्हण्याचा फोन आला; सिंकची वार्ता त्याला पत्नीकडून आधीच कळली होती. पत्नीचा हा धाकटा भाऊ मिसरोदला राहतो. सरकारी कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाला आहे, आणि जगातील प्रत्येक नट त्याला ओळखतो असा त्याचा समज आहे.

"भाऊजी, प्लंबर बोलवा. सिंक काही अर्ज देऊन बसत नाही."

"उद्या पाच वाजता चहाला या," मी म्हणालो, "आणि आपला कप त्यात स्वतः धुऊन जा."

फोन ठेवताच पत्नी म्हणाली, "अहो, उद्या पाचपर्यंत सिंकमध्ये पाणी आलं नाही, तर मी त्याच्याचकडे राहायला जाईन. पातेल्यासकट."

एवंच, माझी सव्वीस वर्षांची प्रतिष्ठा पाच वाजेपर्यंतच्या मुदतीवर येऊन ठेपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अर्जाचे चार लांब कागद खळीने जोडले, त्यावर सिंक उपडे ठेवले आणि ओट्यात पाडावयाच्या भोकाचा नकाशा पेन्सिलीने काढला. तीन बाजू कात्रीने रेघेवर कापल्या. चौथ्या, डाव्या बाजूला कापण्यासारखे काही नव्हतेच. तिथे कागदाची घडी होती. नकाशा ओट्यावर अंथरला, कडेने खडू फिरवला, नळाचे पाणी बंद केले, जुने सिंक उचकटून काढले आणि भाड्याने आणलेले कटर सुरू केले. कोटा फरशीची ती पांढरी धूळ! तोंडाला ओला पंचा बांधून मी कापत होतो, पत्नी लोट्याने पाणी सोडत होती, आणि दोघेही पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे दिसत होतो. दगडाचा तुकडा अलगद निघाला तेव्हा मला जो आनंद झाला, तो कोणत्याही मंजूर अर्जाने आजवर दिलेला नाही.

"बसवा," पत्नी म्हणाली.

मी सिंक दोन्ही हातांनी धरून भोकात ठेवले आणि विजयी मुद्रेने हात सोडले. सिंक क्षणभर विचारात पडल्यासारखे झाले, डावीकडे कलले, आणि ओट्याखालच्या डब्यांवर असे कोसळले की शेजारच्या घरातून "कौन गिरा?" असा आवाज आला.

भोक तीन बोटे मोठे पडले होते. कागद हाती घेताच डावीकडे तीन बोटांचा समास दुमडायचा, कारण फाइलीचा दोरा तिथे ओवला जातो, आणि लेखन घडीपासून सुरू करायचे, ही माझी सवय आहे. नकाशाचेही कागद मी तसेच दुमडले होते. ओट्यावर ती घडी उलगडली, आणि समासही कापला गेला.

मी हे पत्नीस यथासांग निवेदन केले. तिने पांढऱ्या पापण्यांनी माझ्याकडे पाहिले. "म्हणजे सिंकलासुद्धा समास सोडलात?" असे म्हणून ती जी हसू लागली, ती जमिनीवरच बसली. मग मीही बसलो. सिंक डब्यांमध्ये आडवे पडले होते, घड्याळात साडेबारा वाजले होते, आणि आम्ही डोळे पुसत होतो. धुळीमुळे आसवांचा चिखल होत होता.

ती आधी सावरली. "तो निघालेला तुकडा आहे ना? त्याचीच पट्टी काढून लावा की."

मी तीन बोटे रुंद पट्टी कापली. ओट्याखालच्या उभ्या फरशीला लोखंडी आधार ठोकला, त्यावर पट्टी सिमेंटच्या मसाल्याने चिकटवली आणि ती धरेपर्यंत दर पाच मिनिटांनी बोटाने दाबून पाहिली. तिने दोनदा हातावर चापट मारली. साडेचारला सिंक बसले, खालचा पाइप जोडला, नळ सोडला. पाणी गेले. जिथे जायला हवे, तिथेच गेले.

पाचला मेव्हणा आला. त्याने वाकून खालचे आटे पाहिले, बोट फिरवून गळती शोधली आणि काही न सापडल्याने तो किंचित खट्टू झाला. मग त्याची नजर पट्टीच्या सांध्यावर पडली.

"भाऊजी, हा तुकडा वेगळा का लावलाय? माप चुकलं वाटतं?"

अर्जात कोणती बाब कशी मांडावी हे मला कोणी शिकवायला नको. पण त्या क्षणी एक ओळसुद्धा सुचली नाही.

"मीच सांगितलं होतं," चहा गाळता गाळता पत्नी म्हणाली. "साबण ठेवायला वेगळी जागा हवी होती मला. तुला काय कळतंय त्यातलं? कप धू आपला."

मेव्हण्याने निमूटपणे कप धुतला. मी तो त्याच्या हातून घेतला आणि पुन्हा धुतला. मग पातेले आत ठेवले, नळ पूर्ण सोडला आणि ते घासायला लागलो. पातेले झाल्यावर परात घेतली, परातीनंतर मांडणीवरचे सगळे डबे.

"अहो, ते घासलेलेच आहेत!" पत्नी ओरडली.

"असू दे," मी म्हणालो. "तू बस."