ढाळ दिलेली पेटी

कॉलेजच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाला उभं करून स्वतःबद्दल एक गोष्ट सांगायला लावली. माझ्या पुढच्या बाकावरच्या मुलीचे वडील शिक्षक होते. मागच्याची आई ग्रामसेविका. माझे बाबा सुतार, आणि आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिलाच. पण हे काही उभं राहून सांगण्यासारखं वाटेना. जे पहिलं तोंडात आलं ते बोललो.

"माझ्या आज्याने तारपा वाजवलेला, त्याची रेकॉर्ड निघालेली आहे."

तारपा म्हणजे भोपळ्याचं फुंकून वाजवायचं वाद्य, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. भौतिकशास्त्राचे सर खुर्चीतून थोडे उठले.

"रेकॉर्ड? म्हणजे काळी तबकडी? घरी आहे?"

"आहे सर."

"वाजते?"

"वाजत असेल सर," मी म्हणालो आणि खाली बसलो.

खरं सांगायचं तर ती तबकडी आमच्याकडे कोणीच कधी ऐकलेली नव्हती. ऐकायला यंत्र लागतं. ते आमच्या गंजाड गावाच्या आसपास कोणाकडे असल्याचं मला माहीत नव्हतं. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी शहरातली माणसं जीप घेऊन आमच्या पाड्यावर आली, नाच चालू असताना सगळं टेप करून घेऊन गेली, आणि पुढे कधीतरी ही तबकडी आली. आमचं घर रस्त्याला लागून म्हणून ती आमच्याकडे आली, असं वरच्या पाड्याचं म्हणणं. आज्याने वाजवलं म्हणून आमच्याकडे आली, असं आमचं. तिच्यावरच्या गोल कागदावर इंग्रजीत "तारपा" आणि "डहाणू" एवढंच होतं. वाजवणाऱ्याचं नाव लिहायचं त्या शहाण्यांना सुचलं नव्हतं. इतकी वर्षं ती तबकडी तांदळाच्या मडक्यावर झाकण म्हणून होती. मधल्या भोकावर आजी कांदा ठेवायची, म्हणजे मुंग्या शिरत नाहीत.

वरच्या पाड्याचं म्हणणं जो मांडायचा तो काका, सख्खा नव्हे, मानलेला, बाबांबरोबरच सुतारकाम करायचा. दोघं मिळून डहाणूच्या वाड्यांमध्ये दारं-खिडक्या बसवायचे, एकाच डब्यातलं जेवायचे, आणि करवत चालवताना रोज भांडायचे.

"माझ्या बाचा तारपा तुम्ही मडक्यावर ठेवलाय," काका म्हणायचा.

"तुझ्या बाला नीट शिट्टी वाजत नव्हती," बाबा म्हणायचे. "ओढ करवत."

हे इतकं जुनं भांडण होतं की त्यात रागसुद्धा उरला नव्हता. पण मी ते कॉलेजात नेऊन ठेवलं. वर्गातली मुलं मला आता "तारपा" म्हणून हाक मारू लागली होती, आणि मला ते आवडत होतं. दुसऱ्या वर्षी सरांनी मला बोलावून सांगितलं, "यंदाच्या गॅदरिंगला तुझ्या आजोबांची रेकॉर्ड वाजवू. तू स्टेजवरून त्यांच्याबद्दल दोन वाक्यं बोल."

मी "हो सर" म्हणालो. मला "हो सर"शिवाय तेव्हा काही म्हणता यायचं नाही.

यंत्र तलासरीला हायवेच्या कडेच्या भंगारवाल्याकडे सापडलं. कुठल्यातरी बंद पडलेल्या हॉटेलातून आलेलं. खालचं लाकूड वाळवीने खाल्लेलं, हात लावला की भुसा. वरची लोखंडी थाळी, मोटर आणि सुईची दांडी मात्र शाबूत होती. भंगारवाला मला तपासून बघत म्हणाला, "आ तो एन्टिक छे, भाई."

"बंद आहे ना पण?"

"चालू होत तो एन्टिक केवी रीते?" तो म्हणाला. चालू असतं तर ॲन्टिक कसं झालं असतं, हे मलाही पटलं. त्याने वर एक घासलेली भजनाची तबकडी फुकट दिली, तपासून बघायला.

पुढचा महिनाभर मी दुसरं काही शिकलो असं म्हणवत नाही. मोटरमधलं जुनं ग्रीस वाळून गुळासारखं झालं होतं, ते रॉकेलने धुतलं. थाळी फिरवणारा रबरी पट्टा वितळून डांबर झाला होता. सायकलच्या ट्यूबचा गोल कापून लावला, तर भजन म्हणणारा बुवा दारू प्यायल्यासारखा गाऊ लागला. आजी म्हणाली, "चांगला म्हणतोय की. खऱ्यातही असंच म्हणतात." शेवटी पट्टा आणि सुई मोबाइलवरून मागवली. आमच्या पाड्यापर्यंत कुरिअरवाला येत नाही, म्हणून ती तलासरीला एका दुकानावर मागवून बसने जाऊन आणली. दांडीच्या मागचं वजन हरवलं होतं. त्याच्या जागी डहाणूच्या खाडीवरच्या एका कोळ्याकडून जाळ्याला लावतात ते शिसं आणलं आणि कानशीने घासत घासत बरोबर केलं.

पेटी बाबांनी केली. मी कागदावर मापं काढून दिली, त्यांनी कागदाची घडी कानावर ठेवली आणि पुन्हा उघडली नाही. पण पेटी अशी झाली की मी ती दोन दिवस नुसती बघत बसलो. जुन्या दाराची सागाची फळी, कोपऱ्यात सांधे असे की नख जाणार नाही, एकही खिळा नाही. वर तेल पाजलेलं. काकानेसुद्धा हात फिरवून पाहिला आणि काही वाईट बोलला नाही, म्हणजे बघा.

सगळं जोडलं आणि भजन लावलं. सुई दोन फेऱ्या नीट चालली आणि मग सरळ मधल्या भोकाकडे पळाली. पुन्हा ठेवली. पुन्हा पळाली. बुवा "विठ्" म्हणायचा आणि "ठल" यायच्या आधी थेट शेवटच्या आरतीत.

चार दिवस मी सुईला दोष दिला. मग शिशाला दिला. मग भंगारवाल्याला, त्याच्या तोंडावर, त्यासाठी मुद्दाम तलासरीला जाऊन. तो म्हणाला, "एन्टिक छे, थोडा नखरा तो करे." सहाव्या दिवशी मोटरला तेल घालताना एक थेंब पेटीवर पडला आणि माझ्या डोळ्यांदेखत उजवीकडून डावीकडे चालत गेला. सरळ रेषेत, घाई न करता, आणि कडेवरून खाली उतरला.

पेटी उतरती होती.

आता हे बाबांना कोण सांगणार? बापाच्या कामात चूक काढायला आमच्याकडे कोणी कॉलेजात जात नाही. मी पेटीखाली गुपचूप पुठ्ठा सारून पाहिला. मोटर सुरू झाली की पुठ्ठा सरकायचा. दोन दिवसांनी बाबा आणि काका अंगणात चौकटीला रंधा मारत बसले होते तेव्हा मी जाऊन उभा राहिलो.

"बाबा, ती पेटी... चांगलीच झालीय. फक्त जरा..."

"जरा काय?"

"उतरती आहे."

बाबांनी रंधा थांबवला. "मग? ढाळ नको?"

"ढाळ?"

"ढाळ दिला नाही तर पाणी कुठं जाईल?"

"कुठलं पाणी, बाबा?"

बाबांनी रंधा खाली ठेवला. काका जमिनीवर आडवा झाला. हसता हसता त्याला खोकला लागला. "पावसात ठेवून वाजवणार असेल तो," तो म्हणाला. "बाचा तारपा भिजायला नको."

पुढे कळलं ते असं. बाबांनी उभ्या आयुष्यात जे जे केलं, उंबरे, खिडक्यांच्या चौकटी, ओट्यावरचे बाक, ते सगळं पावसात उभं राहणारं. आमच्याकडचा पाऊस काय असतो ते मी सांगायला नको. त्यामुळे त्यांचा हात प्रत्येक लाकडाला पाणी जाण्याइतका उतार देतोच. आणि हे चुकून नव्हतं. त्यांनी पेटीवर पाणसळीची बाटली ठेवून तिच्यातला बुडबुडा मुद्दाम रेषेबाहेर आणला होता. घरात दार डावीकडे, म्हणून पाणी डावीकडे.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातून आलो तर पेटीचा तळ उजव्या बाजूने रंधलेला होता आणि वर पाणसळ ठेवलेली, बुडबुडा बरोबर मधोमध. बाबा घरात नव्हते.

रविवारी दुपारी तबकडी लावायची ठरली. पाड्यातल्या बँजो पार्टीकडून ॲम्प्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर आणले. वरचा पाडा सगळा आला, कारण त्यांना आमची चोरी पकडायची होती. काका नवा शर्ट घालून आला. लोकांना बसावं कसं तेच कळेना. तारप्याकडे पाठ करून आमच्याकडे कोणी उभं राहत नाही, पण इथे वाजणार पेटी होती आणि आवाज येणार दोन बाजूंच्या स्पीकरमधून. शेवटी आजीने निकाल दिला, "फिरतंय त्याच्याकडे तोंड करा," आणि सगळे पेटीभोवती गोल बसले.

मी मडक्यावरून तबकडी काढली, ओल्या फडक्याने पुसली, थाळीवर ठेवली. कांद्याचा वास येत होता. सुई टेकवताना बाबांनी माझं मनगट धरलं.

आधी खरखर. मग तारपा.

मी त्याचं वर्णन करणार नाही, मला जमणार नाही. लांबून आल्यासारखा नव्हता, अंगणातलाच होता. पायांचा ठेका, काठीच्या घुंगरांचा आवाज, मध्येच एक कुत्रं. काका मान हलवत होता, बाबाही मान हलवत होते, आणि दोघंही एकमेकांकडे "ऐक, ऐक" असं बघत होते. माझ्या मनात स्टेजवरची दोन वाक्यं तयार होत होती.

तेवढ्यात तारप्याच्या वरताण एक बाई ओरडली.

"अरे मेल्या! नाचतोस काय? गुरं कोण बांधील, तुझा बाप?"

अंगण फुटल्यासारखं हसलं. आजी हसली नाही. तिने पदर नीट केला आणि म्हणाली, "मीच ती."

आणि लगेच तबकडीतून एक पुरुष बोलला, धापा टाकत, खुशीत: "आलो गं! एक फेरी घेतो!"

मी आज्याला पाहिलेलं नाही. तो कोण बोलला ते मला बाबांच्या तोंडाकडे बघून कळलं. बाबांचे डोळे भरले होते आणि त्याच वेळी त्यांना काहीतरी वेगळंच कळत होतं.

"परत लाव," ते म्हणाले.

मी परत लावलं. अजून एकदा लावलं. मग बाबा हळूच म्हणाले, "तारपा थांबत नाही."

थांबत नव्हता. तारपा वाजवणाऱ्याचं तोंड तारप्याला चिकटलेलं असतं. तो मध्येच "आलो गं" म्हणू शकत नाही. आजा नाचत होता. वाजवत दुसरा कोणीतरी होता, आणि त्याचा मुलगा नव्या शर्टात समोर बसला होता.

मला वाटलं काका आता उड्या मारेल. तो मान खाली घालून जमिनीवरच्या भुशात बोट फिरवत राहिला. त्याचा बाप जाऊन जमाना झाला होता, त्याचा तारपा तो इतक्या वर्षांनी आत्ता ऐकत होता.

बाबा आजीवर घसरले. "आई, तुला माहीत होतं?"

"माहीत नसायला काय झालं? मी तिथं होते."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही दोघं वाजवणाऱ्यावर भांडत होता. मी कुठं वाजवत होते? मला कोणी विचारलं?" आजी उठली. "रेकॉर्डात आपण आहोत एवढं मला पुरेसं होतं. आहोत ना?"

सोमवारी मी सरांच्या खोलीबाहेर बराच वेळ उभा राहिलो. न सांगताही चाललं असतं. कॉलेजात त्या बोलीतलं ओरडणं किती जणांना कळणार होतं? मुलं मला तारपाच म्हणत राहिली असती. आत गेलो आणि सगळं एका दमात सांगून टाकलं: मी पहिल्या दिवशी खोटं बोललो, खोटं आहे ते मला माहीत नव्हतं, वाजवणारे माझे आजोबा नाहीत.

सरांनी चष्मा काढून पुसला. "मग तुझे आजोबा त्यात कुठे आहेत?"

"नाचतायत सर. आणि आजी शिव्या देतेय."

"शिव्या?" सर विचारात पडले. "प्राचार्य असतील पहिल्या रांगेत. तेवढ्यापुरता आवाज कमी करता येईल का?"

मी त्यांना पहिल्यांदाच "नाही सर" म्हणालो. मला वाटतं त्यांनाही ते नवीन होतं.

गॅदरिंगला मी माझी दोन वाक्यं बोललो. तारपा वरच्या पाड्यातल्या एका जुन्या वादकाचा आहे, त्यांचा मुलगा इथे बसलाय. आणि ज्या बाई ओरडतात त्या माझ्या आजी आहेत. मग सुई टेकवली. ती सरळ चालली.

काकाला प्राचार्यांच्या शेजारी बसवलं होतं. त्याच्या बापाचा तारपा अख्ख्या हॉलमध्ये वाजत होता आणि तो ताठ बसून होता, हात मांडीवर, फोटो काढताना बसतात तसा. मग आजीचा आवाज आला. हॉल हसला. प्राचार्यांनी गोंधळून इकडेतिकडे पाहिलं, आणि काका त्यांच्याकडे वाकून, मला स्टेजवर ऐकू येईल एवढ्या मोठ्याने म्हणाला,

"ती ओरडतेय ना, ती आमची काकी. अजून आहे. आवाज असाच आहे."