सगळ्यात खालचा फोल्डर

ऑफिसातली पोरं त्यांना उलटेकाका म्हणत. काका कॉम्प्युटर विभागात होते आणि माउसशी त्यांचं उभं वैर. काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करत या फोल्डरातून त्या फोल्डरात जायचं, हा त्यांचा खाक्या. पण निघण्याआधी 'पुशडी' मारायचंच. म्हणजे आत्ताची जागा मशीन लक्षात ठेवतं, ताटावर ताट रचावं तशी. मग 'पॉपडी' मारलं की सगळ्यात वरची जागा निघते आणि आपण तिथे परत. "आधी परतीची सोय, मग भटकंती," हे काकांचं पालुपद, म्हणून ते उलटेकाका. पोरं कसली गप्प बसतात! "काका, घरीपण पॉपडी मारूनच जाता का?" काका हसण्यावारी न्यायचे.

मग काकूंना विसरण्याचा आजार जडला आणि ते हसणं आटलं. आधी त्या नवा फ्लॅट विसरल्या. स्वतःच्याच स्वयंपाकघरात पाहुणीसारख्या उभ्या राहून म्हणायच्या, "अहो, आपल्या क्वार्टर्सवर जाऊ या ना." पुढे क्वार्टर्सही गेल्या. तिथे जन्मलेला, वाढलेला मुलगा समोर आला तरी "हे कोण?" म्हणू लागल्या. डॉक्टरांनी बरंच समजावलं. काकांना कळलं ते एवढंच, की हिचं वरचं वरचं निघत चाललंय. खाली काय उरलंय तेही त्यांना कळलं होतं.

एका दुपारी काका अंघोळीला गेले तेवढ्यात काकू दार उघडून निघून गेल्या. कपाटातला छोटा टॉवेलही नव्हता. मुलाने फोनवरून ओरडून सांगितलं, "बाबा, आधी क्वार्टर्सवर बघा!" काकू तिथे नसणार हे काकांना पक्कं ठाऊक होतं. तरी गेले. माणूस किती भित्रा असतो बघा! बायको रस्त्यावर हरवलेली, आणि याचा पाय भलतीकडेच वळतो.

मुलाच्याही आधी त्यांना एक मुलगी झाली होती. मुलाला कुणी सांगितलंच नव्हतं. काही दिवसांची असताना ती आजारी पडली आणि हॉस्पिटलातच गेली. डॉक्टरांनी बातमी आधी काकांना सांगितली. बाहेर बाकावर काकू बसल्या होत्या. काका त्यांना "आलोच" म्हणाले आणि थेट ऑफिसात जाऊन मशीनसमोर बसले. शेवटी काकूंना सांगितलं ते त्यांच्या भावाने. परतीची सोय केल्याशिवाय पाऊल न उचलणारा हा माणूस, त्या बाकाकडे मात्र कधी फिरकला नाही. घरातही तो विषय निघाला नाही.

क्वार्टर्सच्या फाटकावरून काकांनी टॅक्सी हॉस्पिटलकडे वळवायला सांगितली. इमारतीला नवा रंग होता. बाक तेच. काकू बसल्या होत्या, मांडीवर बाळासाठी घेतलेल्या टॉवेलची नीट घडी. काकांच्या जिवात जीव आला.

"किती वेळ लावलात हो!" काकू म्हणाल्या. "बाळ कसं आहे?"

हो-ला हो करून घरी नेता आलं असतं. तसं करा असं डॉक्टरांनीच सांगून ठेवलं होतं. काका शेजारी बसले.

"गेली गं," ते म्हणाले. "आपली पोर गेली." आणि लहान मुलासारखे हमसून हमसून रडू लागले.

काकूंनी टॉवेलची घडी मोडली आणि त्यांचे डोळे पुसले.

"मला कळलंय हो ते केव्हाच," त्या म्हणाल्या. "तुम्ही येऊन सांगाल म्हणून बसले होते."