मठारलेली मोटार

रेवदंड्याला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक निवृत्त गृहस्थ राहतात. नाव मी कधी विचारलं नाही. त्यांच्या हातोडीनेच रोज सकाळी ओळख करून दिली. हयातभर कचेरीत सह्या केल्या आणि साठी उलटल्यावर हे वडिलांची जुनी मोटार दुरुस्त करायला पत्रा ठोकायला शिकले. खाऱ्या वाऱ्याने ती इतकी खाल्ली होती की मडगार्डातून पलीकडची जास्वंद दिसे.

बरं, शिकले तेही कोणाकडे? गॅरेजवाल्याकडे नव्हे, तांबटाकडे! तांबट घंगाळ मठारतो, म्हणजे हातोडीने अंगभर बारीक ठोके उठवतो. यांनीही तेच केलं. तीन मडगार्डं तयार झाली, ती थेट अंघोळीचं पाणी काढावं अशी. जीभ दातांत धरून हे ठोकत, आणि बायको चाकं नसलेल्या त्या गाडीत वाल सोलत बसे.

परवा चौथं मडगार्ड मात्र आरशासारखं गुळगुळीत निघालं.

"शिकलात बुवा शेवटी!" मी म्हटलं. ते खुलले.

बाईंनी गाडीच्या खिडकीतून मान बाहेर काढली. "तीन तशी नि एकच अशी? लोक हसतील हो."

लोक केव्हाचे हसतच होते, हे मी बोललो नाही. गृहस्थांनी त्या गुळगुळीत पत्र्यावरून एकदा तळवा फिरवला आणि हातोडी उचलली.

"बसायचं तिला आहे," मला म्हणाले.

आता चारही जुळली आहेत. आणि माझ्या दारातली नवी कोरी गाडी मला उगाच उघडीबोडकी वाटते.