अस्की उतरले का?

आधीच सांगून टाकतो – मी हायस्कुलात फिजिक्स शिकवतो. भुताखेतांचा विषय निघाला की पोरांची यथेच्छ टर उडवणारा माणूस आहे मी. त्यामुळे हे लिहायला घेतलं तेव्हा माझं मलाच हसू आलं. पुण्याला एमएस्सी केलं म्हणून देवनागरी लिहिता येतं. आमच्या घरात बाकी कुणाला हे वाचता येणार नाही, हा त्यातल्या त्यात फायदा.

आम्ही तंजावरकडचे मराठी. गाव तिरुवैयारूच्या पुढे, कालव्याकाठी. चारी बाजूंना भातशेती आणि बाहेर पडायला एकच रस्ता, तोही कालव्याच्या बांधावरून. माझे थोरले काका ओरत्तनाडूला सरकारी कचेरीत होते. तिथल्या लिलावात त्यांनी एक जुनी डिझेल जीप घेतली, फोर-व्हील ड्राइव्हची. काकांना मूलबाळ नव्हतं. गावातलं लग्न असो की आजारपण, जीप घेऊन काका हजर.

त्यांची एक खोड होती. डिझेलची जुनी गाडी नुसत्या किल्लीने बंद होत नाही. डॅशबोर्डखाली एक नॉब असते, ती ओढायची. तिची तार थेट इंजिनला डिझेल देणाऱ्या पंपाला जोडलेली असते, पंप डिझेल तोडतो आणि मग इंजिन थांबतं. तर मुक्कामी पोचलं की काका मान मागे वळवून विचारायचे, "अस्की उतरले का?" अस्की म्हणजे सगळे, आमच्याकडचा शब्द. शेवटचा माणूस उतरून "हो" म्हणेपर्यंत ते नॉबला हात लावत नसत. गाडीत एकटे असले तरी विचारतात, म्हणून आई त्यांना हसायची.

काका गेले आणि जीप माझ्याकडे आली. दोन वर्षं ती नारळाच्या झापांच्या शेडमध्ये पडून होती... मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या. तेव्हा तंजावरच्या रस्त्यांवर हप्त्यांवर घेतलेल्या नव्या छोट्या गाड्या दिसायला लागल्या होत्या. स्टाफरूममध्ये सगळे म्हणाले, मोडीत काढ आणि नवी घे. पण मी हट्टाला पेटलो होतो. बायकोचं, सुमतीचं, पहिलंच बाळंतपण होतं. दसरा झाला की तिला तंजावरला माहेरी सोडायचं होतं, आणि ते काकांच्याच जीपमधून, असं मी ठरवून टाकलं होतं.

तिरुवैयारूचा सेल्वम मेकॅनिक महिनाभर खपत होता. क्लच प्लेट, ब्रेक, रेडिएटर सगळं झालं. शेवटी डिझेल पंप तिरुचीहून दुरुस्त होऊन आला आणि त्याने तो बसवलेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. इंजिन धूर ओकत का होईना, सुरू झालं. त्या दिवशी मी हवेत होतो.

मग खंडेनवमी आली. तामीळ लोक हिला आयुध पूजा म्हणतात. या दिवशी घरातली सगळी हत्यारं देवापुढे मांडायची – विळे, कोयते, पाने, माझी पुस्तकंसुद्धा – आणि दशमीला पुन्हा पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. गाडीला हळदकुंकू, चाकांखाली लिंबं. वर्कशॉपं बंद, मेकॅनिक आपापल्या घरी.

आदल्या रात्रीपासून पाऊस कोसळत होता. सकाळी कळलं, कालव्याचा बांध एका जागी खचलाय आणि रस्त्यावर मांडीभर पाणी आहे. बस येणार नव्हती. टपरीतला एसटीडी फोन बंद पडलेला.

दुपारी पूजा आटोपून पानं वाढत होतो, तेवढ्यात सुमतीने न्हाणीघरातून हाक मारली. मी गेलो तर ती भिंतीला धरून उभी होती आणि पायांखाली रक्त. अजून महिना बाकी होता. "अहो, काहीतरी बिघडलं," एवढंच म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

गावात डॉक्टर नाही. सुईण आली, तिने पाहिलं आणि आईला बाजूला घेऊन म्हणाली, हे माझ्या हातातलं नाही, लवकर न्या, नाहीतर दोघंही जातील. ते मला ऐकू आलं. बैलगाडीने एवढ्या पाण्यातून संध्याकाळ झाली असती. तेवढा वेळ तिच्याकडे नव्हता.

मी जीपकडे धावलो. आई मागून ओरडली, "अरे, गाडीचं सामान पूजेत आहे रे! आज हात लावू नये."

"पाने मला नकोत, आई. गाडी पाहिजे," मी खेकसलो. जन्मात आईवर असा ओरडलो नव्हतो.

सुमतीला मागच्या सीटवर आडवं केलं. आईने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि तोंडाने देवीचं नाव सुरू केलं. मी किल्ली फिरवली. नुसता घर्र आवाज. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. बॅटरी बसत चालली होती. मागून सुमतीचं कण्हणं ऐकू येत होतं आणि मग तेही थांबलं. तेव्हा मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं आणि रडलो. रडत रडत काकांना म्हणालो, "काका, मला काही येत नाही हो... तुम्हीच न्या."

शेवटची म्हणून किल्ली फिरवली आणि इंजिन लागलं.

धूर नाही, आचके नाहीत. काकांच्या वेळी चालायची तसा एकसारखा आवाज. चाकांखालची लिंबं चिरडून जीप बाहेर पडली. खचलेल्या बांधापाशी पाणी दारांना लागलं, रस्ता कुठे आणि कालवा कुठे काही दिसेना. मी फक्त स्टिअरिंग धरून होतो. गाडी मला हवी तिथे नाही, तिला हवी तिथे वळत होती. एकदा मी डावीकडे ओढलं तर ती हटून उजवीकडेच राहिली. नंतर कळलं, डावीकडे रस्ता उरलाच नव्हता.

तंजावरच्या नर्सिंग होममध्ये पोचलो. स्ट्रेचर आलं, सुमतीला आत नेलं, आई सोबत गेली. मी नॉब ओढली.

इंजिन थांबलं नाही.

पुन्हा ओढली, जोर लावून ओढली. नॉब सैल हातात येत होती आणि इंजिन आपलं चालूच. किल्ली काढून घेतली तरी चालूच. वॉचमन बंद करा म्हणून ओरडायला लागला, "सार, ऑफ पण्णुंग सार!" मी त्याला हात जोडले आणि तशीच सोडून आत पळालो.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लगेच ऑपरेशन करावं लागेल, दोघं वाचतील असं मी सांगू शकत नाही. मी सही केली आणि बाकावर बसलो. आई शेजारी पुटपुटत होती. पुढे किती वेळ गेला मला माहीत नाही. बाहेरून जीपचा आवाज सारखा येत होता आणि का कोण जाणे, तो येतोय तोवर सगळं ठीक आहे असं वाटत होतं. मी तोच धरून बसलो होतो.

मग आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. बारीक, मांजराच्या पिलासारखं. थोड्या वेळाने नर्स बाहेर आली. मुलगी झाली, वजन कमी आहे पण रडली छान, बाळंतीणही शुद्धीवर येईल. मी भिंतीला टेकलो आणि तेव्हा कुठे लक्षात आलं, बाहेर एकदम शांत झालंय.

वॉचमनला विचारलं, कुणी बंद केली? तो म्हणाला, "कुणी नाही, सार. आत्ताच आपोआप बंद झाली. नुकतं पोर रडलं ना आत, तेव्हाच."

डिझेल संपलं असेल, मी म्हटलं. टाकीत काठी घालून पाहिली. अर्धी टाकी भरलेली होती.

दुसऱ्या दिवशी, दशमीला, पाणी उतरलं. आई सकाळच्या बसने पूजेसाठी घरी गेली आणि दुपारी परत आली ती सेल्वमला घेऊन. त्याच्या हातात कापडी पिशवी. तो माझ्याकडे बघेना, सरळ जीपपाशी गेला आणि म्हणाला, "सार, ही गाडी इथे कुणी ओढून आणली?"

"ओढून कशाला? मी चालवत आणली."

त्याने पिशवीतून एक लोखंडी वस्तू काढली. चंदनाची बोटं ओढलेली, कुंकू लावलेलं, वर झेंडूची पाकळी चिकटलेली. आमच्या जीपचा डिझेल पंप.

झालं होतं असं. अष्टमीला मी शाळेत असताना त्याला पंपातून गळती दिसली. सील बदलायचं म्हणून त्याने पंप उतरवला, पण उद्या आयुध पूजा, आता कामाला हात लावायचा नाही. म्हणून तो आईच्या हाती देऊन गेला – हाही पूजेत ठेवा अम्मा, दशमीला बसवतो. आईला काय कळणार ते काय आहे! तिने विळ्याकोयत्यांबरोबर देवापुढे ठेवला आणि वर फुलं वाहिली, त्यांच्याखाली मला तो दिसलाच नाही. मला ती तेच सांगू बघत होती.

सेल्वमने बॉनेट उघडलं. पंपाची जागा रिकामी होती. नळ्यांच्या तोंडांवर त्याने बांधलेले प्लास्टिकचे तुकडे आणि रबरबँड जसेच्या तसे. नॉबची तार नुसतीच लोंबत होती.

त्याने चपला काढल्या आणि बॉनेटला हात लावून नमस्कार केला.

पंपाशिवाय डिझेल इंजिन चालत नाही. अर्धा मिनिटही नाही. हे मी दरवर्षी वर्गात आकृती काढून शिकवतो. दुसरा पंप कुणी बसवला असेल, मला भास झाला असेल, सगळं करून पाहिलं. आई गाडीत होती, वॉचमनने आवाज ऐकला, लिंबं चिरडलेली होती.

एकच गोष्ट सांगतो, आणि ती सांगताना मी फिजिक्सचा मास्तर नसतो. त्या दिवशी गाडीत आम्ही तिघं बसलोय, असंच मी धरून चाललो होतो. नर्सिंग होमच्या दारात आई उतरली, सुमतीला उतरवलं, मीही उतरलो, म्हणजे माझ्या हिशेबाने सगळे उतरले होते. तरी इंजिन थांबेना, कारण काकांच्या हिशेबाने सुमतीच्या पोटातला एक जण अजून उतरायचा होता.