तळी निवळली तो सोमवार

अन्याय झाला तो आमच्या शेजारच्या काकींवर. १९८६च्या मे महिन्यातल्या शेवटच्या सोमवारी, दुपारी चार वाजता, त्यांचा पांढरा बैल तळीवर पाणी प्यायला. दिवस मावळायच्या आत तो गोठ्याच्या दारात आडवा झाला. पंचायतीच्या वहीत लिहिलं गेलं, 'पान लागलं'. म्हणजे साप चावला. साफ खोटं. साप नव्हताच. काय होतं ते मी सांगते. त्यात माझाही हात आहे, आणि तो लपवून दुसऱ्याला जाब विचारायचा मला अधिकार नाही.

आमचं गाव रत्नागिरीजवळच्या पालीच्या वरच्या अंगाला, सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावर. नुसता कातळ. मे महिन्यात विहिरीत चिखल उरतो, मग खालच्या वाडीतली घरं कातळातल्या तळीचं पाणी पितात, लुगड्याचं फडकं चौपदरी करून गाळून. काकींचं घर त्यातलंच. काका मुंबईत, शेत काकींच्या अंगावर. त्यांचा एक बैल, आमचा एक. दोन्ही मिळून जोत, आणि त्या एका जोतावर दोन्ही घरांचा भात.

त्या वर्षी तळी हिरवी झाली. आधी चहात दूध पडावं तशी ढवळली, मग वर दाट साय आली आणि फडक्यात हिरवी कणी अडकायला लागली. आम्ही चार-पाच पोरंपोरी तेव्हा रत्नागिरीत सायक्लोस्टाइलवर पत्रकं काढायचो. रस्ता, रेशन, एसटी, कशावरही. मी बाटली भरली आणि कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या बाईंकडे नेली. शास्त्र मला नको होतं. पत्रकाखाली एखाद्या जाणकाराचा आधार हवा होता.

बाईंनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. दिसलं ते मी आजही विसरलेले नाही. टाचणीच्या डोक्याएवढी पाण्यातली पिसू, अंग काचेसारखं, आत काळीज धडधडताना दिसतं. पाय हलवून ती पाणी तोंडाकडे ओढत होती आणि सुटे हिरवे कण गिळत होती. बाई म्हणाल्या, हे चरणं आहे. गाय कुरणात चरते तसं. फरक इतकाच की इथलं गवत मुकाट चरू देत नाही.

मग त्यांनी एकेक दाखवलं. एका शेवाळाला फणसाच्या सालीसारखे काटे, पिसूच्या तोंडात ते मावतच नाही. दुसऱ्याभोवती भिजलेल्या सब्जाच्या दाण्यावर असतो तसा बुळबुळीत थर. पिसू ते गिळते, पण ते तिच्या आतड्यातून जिवंत बाहेर पडतं आणि जाता जाता तिच्याच पोटातलं खत खाऊन येतं. तिसरं हजारोंनी एकमेकांना चिकटून गोळा होतं. एकटा कण घास असतो, गोळा झाला की पिसू त्याला तोंड लावत नाही. आमच्या तळीत या तिसऱ्याचाच बुजबुजाट होता.

मला ते भारी आवडलं. पाय नाहीत, डोळे नाहीत, आवाज नाही, तरी खाणाऱ्यापुढे एकजूट! मनात मी पत्रकाची पहिली ओळ जुळवायला लागले होते. बाई म्हणाल्या, थांब जरा. हे गोळेवालं कोणतं ते मला पुस्तकात बघू दे, यातल्या काही जाती विषारी असतात. गुरुवारी ये.

मी गुरुवारी गेले नाही. पत्रक त्याच आठवड्यात निघालं. त्यातलं एक वाक्य माझं, शब्द न् शब्द माझा: 'पोफळीच्या बागेला जे मोरचूद चालतं, ते गोरगरिबांच्या तळीला का चालत नाही?' आमच्याकडे पोफळीवर मोरचूद आणि चुना फवारतात. घरोघरी कोनाड्यात निळे खडे असतात. शेवाळ मारायला त्याहून स्वस्त औषध नाही हे कुणालाही पटलं असतं. सगळ्यांना पटलं. आम्ही पंचायतीवर वीस-पंचवीस बायका नेल्या, घोषणा दिल्या, आणि ग्रामसेवकाने हात टेकले.

सोमवारी सकाळी गोणपाटात मोरचुदाचे खडे बांधून दोन गड्यांनी ती पोटली तळीतून ओढली. दुपारपर्यंत साय फुटली, कडेला निळसर पांढरी होऊन साचली, कुजक्या गवतासारखा वास सुटला. मधलं पाणी मात्र निवळलं. तळ दिसला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

चार दिवस गुरं बांधून ठेवा, असं कुणी सांगितलं नाही. दवंडी नाही, पाटी नाही.

चारच्या सुमारास गुरं उतरली. आमचा तांबडा त्या दिवशी नाल मारायला पालीला नेलेला. काकींचा पांढरा कडेची निळसर साय नाकाने सारून आतलं निवळ पाणी तोंड भरून प्यायला. पाखाडीच्या दगडी पायऱ्या चढताना त्याचे मागचे पाय लटपटले. गोठ्याशी पोचेपर्यंत अंगाला थरकाप, कान थंड, डोळे वर. मंगळवारी सकाळी तो गेला. काकी त्याच्या मानेवर हात ठेवून बसलेल्या. माझ्याकडे न बघता एवढंच म्हणाल्या, "तुज्या कागदात होतं तसंच केलानी गो बाय."

मी तडक एसटी पकडून बाईंकडे गेले. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. त्यांनी सगळं सांगितलं. ते शेवाळ विषारीच होतं. विष असतं त्याच्या पेशीच्या आत. जिवंत असेपर्यंत बरंचसं आतच राहतं. पिसू त्याला टाळते, बिनविषारी तेवढं खाऊन टाकते, म्हणून विषारीच वाढत जातं. मोरचुदाने पेशी फुटल्या, आणि सगळं विष एकदम पाण्यात उतरलं. हिरवे गोळे फडक्यात अडकत होते. विरघळलेलं विष अडकत नाही. उकळलं तरी जात नाही. म्हणजे हिरव्या पाण्याने नाही, आम्ही टाळ्या वाजवल्या त्या निवळ पाण्याने मारलं.

"माणसं प्यायली का ते?" बाईंनी विचारलं.

काकींनी सोमवारी संध्याकाळी दोन हंडे भरले होते. मी स्वतः एक हंडा त्यांच्या डोक्यावर चढवून दिला होता.

बाई म्हणाल्या, विष यकृतावर जातं. त्यांना दवाखान्यात ने. आणि डोळ्यांचा पांढरा भाग बघत राहा, पिवळा होतो का.

घरी येऊन मी पहिल्यांदा ते हंडे पालथे केले. वाडीत दारोदार सांगत फिरले. निम्म्यांनी ऐकलं. एका घरातून आवाज आला, "हिच्या घरचा बैल बरा नेमका पालीस गेलेला." मी पुढचं दार वाजवलं. काकींना रात्रीपासून उलट्या होत होत्या. दवाखान्यात ऊन लागलंय म्हणत गोळ्या देऊन परत पाठवलं. मी शेवाळ म्हटलं तर तिथली माणसं हसली.

त्यापुढचे आठ दिवस मी जशी भ्यायले तशी पोलिसांनाही कधी भ्यायले नव्हते. रोज सकाळी काहीतरी निमित्त काढायचं, विरजण हवं, सूप हवं, आणि काकींना पडवीच्या उजेडात बोलावायचं. हळदीचा हात पुसून त्या डोळ्यांना पदर लावायच्या आणि मी आणखी जवळ वाकायचे. पिवळं ते हळदीचं की आतलं? चौथ्या दिवशी त्यांनी माझी हनुवटी धरली. "डोळ्यांत काय बघतेस गो? तुजा कागद छापलेला नाय तिथं."

उलट्या थांबल्या. डोळे पांढरे राहिले. आत काय उरलं ते कुणी तपासलं नाही, आणि मला आजही ठाऊक नाही. जूनमध्ये आमचा तांबडा एकटाच गोठ्यात उभा. काकींचे दोन वाफे पडीक राहिले. ग्रामसेवकाला मी वहीतला साप खोडायला सांगितला. तो म्हणाला, मग कारण काय लिहू, तुमचं पत्रक? मी म्हटलं, लिहा. त्याने लिहिलं नाही.

बाईंनी शेवटी विचारलं होतं की तळीत जातं काय.  मग आठवलं, पावसात अंगावर घ्यायला खोळ हवी म्हणून आम्ही सगळे खताच्या रिकाम्या गोण्या मे महिन्यात तिथेच धुतो. त्या शेवाळाला आम्हीच पोसत होतो.

तेव्हा तुम्ही, वाचणारे, हे खाली ठेवा आणि आपल्या तळीवर जा. काचेची बाटली भरून उजेडात धरा. हिरवी कणी तरंगताना दिसली तर गुरं बांधा, पिणं बंद करा, पंचायतीकडे टँकर मागा आणि मिळेपर्यंत दारातून उठू नका. गोण्या तळीत धुऊ नका. आणि कुणी मोरचुदाची पोटली घेऊन काठावर आलाच, मग तो ग्रामसेवक असो की माझ्यासारखी पत्रकवाली, त्याचा हात धरा.